कुंडलिकेच्या पाण्यावर जाण्याआधी

२० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादन करून मंडळी आपापल्या गावी परततात, आणि पुढे परीक्षा संपल्या की महाड-पोलादपूरच्या घरांत मुंबईची भाचरे, पुतणे येऊ लागतात. अलीकडे या मुलांचा एक हट्ट हमखास असतो. राफ्टिंगला जायचे! हट्ट वाईट नाही; मात्र तो पुरविण्याआधी वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात असे आम्हांस वाटते.

मुले पहिल्यांदा विचारतात, "आपली सावित्री दाराशी असताना लांब कशाला जायचे?" त्यांना स्पष्ट सांगावे. महाबळेश्वरहून उतरणारी ही नदी पावसाळ्यात काही तासांत चढते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिने महामार्गावरचा जुना पूल दोन एस.टी. गाड्यांसह नेला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले. तळिये, केवनाळे, साखर-सुतारवाडी येथे दरडींनी घरे गाडली. उन्हाळ्यात ती शांत दिसते, पण महाडजवळच्या डोहांत मगरी आहेत. ट्यूब बांधून खेळण्याची ही जागा नव्हे.

त्यासाठी कोलाडची कुंडलिका आहे. महाडहून माणगावमार्गे सुमारे ५० किलोमीटर. भर उन्हाळ्यातही तिथे पाणी कसे, याचे उत्तर घाटावर आहे. मुळशी धरणाचे पाणी नळांतून घाटाखाली भिरा येथे येते, वीजघराची चक्रे फिरवते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. हे पाणी बहुधा सकाळी सुटते आणि राफ्ट त्याच लोंढ्यावर दहा-बारा किलोमीटर जाते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून पाणी किती वाजता सुटणार ते विचारा. वीजघराचे वेळापत्रक बदलले तर सहलीचेही बदलते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोरडे दिसणारे नदीपात्र पाहून मुलांना आंघोळीला उतरवू नका. पाणी सुटले की खडकावर बसलेल्याला काठ गाठणे कठीण होते.

राफ्ट नेणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला संकोचू नये. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित गाईड आहे का? हेल्मेट आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का? जॅकेट घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर सैल आहे. लहान मुलांना काठावरच ठेवावे. साधारण १४ वर्षांखालील मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. हृदयविकार, फिट्स असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी बसू नये. दारू पिऊन येणाऱ्या पाहुण्याला घरीच ठेवावे, मग तो कितीही जवळचा असो.

राफ्टमधून कोणी पडलेच तर उभे राहण्याची धडपड करू नये. दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे व्हावे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने व बोटे पाण्यावर ठेवावीत आणि गाईड दोर टाकील तो धरावा. हे घरीच, अंगणात आडवे करून, मुलांकडून करून घ्यावे.

आता आमचा खरा मुद्दा. अशा सहलीत पुरुष आणि मुलगे वल्ही घेतात, आणि आई, काकी, वहिनी, मुली डबे सांभाळत काठावर बसतात. कारण विचारले तर "आम्हांला पोहता येत नाही." पोहणे न येणाऱ्यालाही जॅकेट घालून बसता येते, तेव्हा पैसे मोजताना त्यांचीही जागा धरा. त्यांना साडी-ओढणीऐवजी अंगाला बसणारे कपडे आणि पट्ट्याच्या चपला घालायला सांगा, म्हणजे झाले. पण तेवढ्यावर थांबू नका. सुट्टीच्या दिवसांत मुलगा-मुलगी दोघांनाही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. कोकणातल्या पुराच्या मुलखात ही चैन नव्हे, गरज आहे.

भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्यामागच्या मुळशी धरणात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला होता. आणि त्याच १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. परतीच्या गाडीत हे मुलांना जरूर सांगा. ज्या पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या आजी-पणजोबांनी मार खाल्ला, त्या पाण्याला त्यांच्या नातींनी भिऊन काठावर राहू नये. त्याची वेळ, त्याचा जोर आणि त्यात तरायचे कसे, हे शिकूनच त्यांनी उतरावे.

जयभीम!