विश्लेषण : गोटी गरगर फिरवणारे हातातले खेळणे मुलांसाठी कितपत सुरक्षित? पालमच्या बाजारात ते घेताना काय पाहाल?

तळहातात मावेल अशी प्लॅस्टिकची कडी, तिच्या आतल्या बाजूने खोबण आणि खोबणीत एक गोटी. मनगट हलवले की गोटी आत गरगर फिरू लागते. काही खेळण्यांत बटण दाबले की छोटी मोटर गोटी फिरवते आणि रंगीत दिवेही लागतात. जत्रेत, आठवडी बाजारात, शाळेजवळच्या टपरीवर अशी खेळणी स्वस्तात मिळतात आणि मोबाइलवरून मागवली तर दोन-चार दिवसांत घरी येतात. बऱ्याचदा त्यावर कंपनीचे नाव नसते, मुलाचे वय लिहिलेले नसते आणि आयएसआय चिन्हही नसते. वास्तविक १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे. मग पालमसारख्या तालुक्याच्या गावी पालकाने नेमके काय पाहायचे?

गोटी फिरते कशी?

परभणी जिल्ह्यात ज्वारीची राखण करताना गोफण फिरवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गोफणीतला दगड सरळ जाऊ पाहतो, दोरी त्याला आत ओढून धरते. या खेळण्यात दोरीचे काम कडीची भिंत करते. गोटी सरळ निघू पाहते, भिंत तिला वळवते. मनगटाने कडीला योग्य वेळी हलका झोका दिला की घर्षणात गेलेला वेग भरून निघतो आणि गोटी फिरत राहते. काचेच्या उपड्या पेल्याखाली गोटी ठेवून पेला गोल फिरवला, की तो उचलल्यावरही गोटी काही क्षण खाली पडत नाही. शाळेत अनेकांनी केलेला हा प्रयोग त्याच नियमावर चालतो.

थोडा हिशेब करू. कडी आठ सेंटिमीटर व्यासाची आणि गोटी सेकंदाला पाच फेऱ्या मारत असेल, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे सव्वा मीटर होतो. म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. कडीच्या भिंतीवर मात्र ती स्वतःच्या वजनाच्या चौपट दाब देत असते. मीटरभर दोरीच्या गोफणीतला दगड सेकंदाला तीन फेऱ्यांतच १९ मीटर वेग घेतो. त्यामुळे कडी फुटून गोटी उडाली तर डोळा जाईल, ही भीती हाताने फिरवायच्या खेळण्यापुरती तरी मोठी नाही. खरा धोका गोटी उडण्यात नाही, ती कडीतून सुटण्यात आहे. सुटलेली गोटी जमिनीवर घरंगळते आणि घरात रांगणारे मूल असेल, तर ती पुढच्या मिनिटाला त्याच्या तोंडात असते.

गोल वस्तूच जास्त धोक्याची का?

शेंगदाणा किंवा पेनचे टोपण घशात अडकले तर कडेने थोडी हवा जायला फट राहू शकते. गोल, गुळगुळीत गोटी मात्र बाटलीच्या बुचासारखी बसते. ती चिमटीत सापडत नाही आणि बोट घालून काढायला गेले की आणखी आत सरकते.

खेळण्यांच्या सुरक्षेची मापे यावरच बेतलेली आहेत. सुटे भाग तपासण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची छोटी नळी वापरतात. तीत जो भाग पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोकादायक मानला जातो. चेंडूसारख्या गोल वस्तूंना नियम आणखी कडक आहे. त्यांच्यासाठी ४४.५ मिलिमीटरचे भोक असलेली पट्टी असते आणि त्या भोकातून पार जाणारा चेंडू ‘लहान’ ठरतो. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोसुद्धा या कसोटीत नापास. आपली नेहमीची गोटी साधारण १६ मिलिमीटरची असते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. मोठ्या गोट्याही बहुतेक त्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान भरतात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. गोटी गिळली जाणे आणि ती श्वासनलिकेत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटात गेलेली एकच काचेची गोटी बहुतेक वेळा शौचावाटे आपोआप निघून जाते, तरी डॉक्टरांना दाखवावे. श्वासनलिकेचे मात्र मिनिटांचे काम असते. हवा पूर्ण थांबली तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

पालमसाठी हा प्रश्न जास्त गंभीर का?

अडकलेली वस्तू दुर्बिणीने काढायची सोय गावोगावी नसते. त्यासाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते आणि पालमकरांना अशा वेळी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेड, घोडा अशा गावांचा पालमशी संपर्क तुटतो, ही बातमी वाचकांना जवळजवळ दरवर्षीची आहे. पुण्या-मुंबईतल्या पालकाला कदाचित दहा मिनिटांत रुग्णालय मिळेल. गोदाकाठच्या गावात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत जे करायचे ते घरच्यांनाच करावे लागते.

मूल खोकत किंवा रडत असेल तर हवा जात आहे, त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल आणि मूल एक वर्षाखालचे असेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा माराव्यात. गोटी निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला पाठीवरच्या थापांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या थोडे वर, आत आणि वरच्या दिशेने झटका द्यावा. गोटी दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नये. अंगणवाडीतल्या पालक बैठकीत हे एकदा बाहुलीवर करून दाखवले, तर छापील पत्रकापेक्षा जास्त उपयोग होईल.

दिवे लागणाऱ्या खेळण्यात वेगळा धोका आहे का?

आहे आणि तो गोटीपेक्षा फसवा आहे. दिवे आणि मोटर चालवायला आत अनेकदा नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्याशी संपर्क येऊन दोन तासांतही आतली त्वचा भाजू शकते. मूल सुरुवातीला नीट खेळतही असते, म्हणून घरच्यांना कळायला उशीर होतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये. तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘सेल असू शकतो’ हे स्पष्ट सांगावे. लोहचुंबकाच्या गोळ्यांचेही तसेच. एकापेक्षा जास्त पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांमधून एकमेकींना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकते.

कायदा काय सांगतो?

भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले. त्यातले जवळपास ६७ टक्के नापास झाले. प्लॅस्टिकच्या खेळण्यांपैकी तर ८० टक्के खेळणी कडा, सुटे भाग, मजबुती अशा यांत्रिक कसोट्यांतच अडकली. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के केले, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेले. त्याच काळात गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या सर्व खेळण्यांना ‘आयएस ९८७३’ हे मानक लागू झाले, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना ‘आयएस १५६४४’. सरकारी आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये ३७.१ कोटी डॉलर असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली.

चिन्हाविना माल बनवणे, आयात करणे, साठवणे आणि विकणे हा भारतीय मानक ब्यूरो कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने देशभर छापे घालून १८ हजार ६०० खेळणी जप्त केली, त्यात विमानतळ आणि मॉलमधली नामांकित दुकाने होती. तिथे बिल असते, गोदाम असते, मालक सापडतो. आठवडी बाजारात चादर पसरून बसलेला विक्रेता पुढच्या दिवशी दुसऱ्या गावी असतो. ब्यूरोची राज्यातली शाखा कार्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशी लांबची आणि बाजाराची पावती फाडणाऱ्याचे खेळणी तपासणे हे कामच नाही. नियम कडक आहे, पण पालमच्या बाजारात तो पोहोचतो कुणाच्या हातून, याचे उत्तर आदेशात मिळत नाही.

त्यातली आणखी एक विसंगती. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना आदेशातून सूट आहे. नांदेड ओलांडून तेलंगणात गेल्यावर लागणाऱ्या निर्मलची लाकडी खेळणी त्यात बसतात. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरालाही सूट आहे. मात्र अशी नोंदणी नसलेला आपल्या गावचा सुतार पोराला भोवरा करून विकत असेल, तर कागदावर तोही नियम मोडणारा ठरतो. जाळी गुंडाळून फिरवायच्या भोवऱ्यात ना सेल असतो, ना सुटणारी गोटी. कागदावर मात्र तो आणि बिनानावाचे दिव्यांचे खेळणे एकाच रांगेत उभे आहेत.

आयएसआय चिन्ह असले की काळजी मिटली?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. सुटे भाग अजिबात नसावेत, ही अट तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे. मोठ्या मुलांच्या खेळण्यात गोटी असू शकते, फक्त ठळक इशारा हवा. म्हणजे आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलेले, चिन्ह असलेले, नियमात बसणारे खेळणेसुद्धा घरातल्या दीड वर्षाच्या भावंडासाठी धोक्याचे असू शकते. खोक्यावरचा ‘३+’ हा आकडा मुलाच्या हुशारीबद्दल नसतो, घशाबद्दल असतो. ‘आमचा पोरगा वयाच्या मानाने फार चलाख आहे’ म्हणून दोन वर्षांच्या मुलाला ते देणे म्हणजे त्या आकड्याचा अर्थच न कळणे.

चिन्ह असल्याचा फायदा मात्र खरा आहे. ठरावीक उंचीवरून आपटून खेळण्याला धारदार कडा होत नाहीत ना, रंगात शिसे नाही ना, हे तपासलेले असते. बटणासारखा सेल असेल तर त्याचे झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, हेही पाहिलेले असते. ‘हे खेळणे नाही, ताण घालवायचे साधन आहे’ असे लिहून काही विक्रेते या तपासणीतून पळवाट काढतात. लहान मुलांना आवडेल अशा रंगांत, मुलांच्याच दुकानात विकली जाणारी वस्तू असे लिहिल्याने मोठ्यांची होत नाही.

घेताना काय पाहायचे?

चिन्हाच्या वर ‘आयएस ९८७३’ किंवा ‘आयएस १५६४४’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कुणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक पाहणे महत्त्वाचे. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, परवाना कशासाठी आहे आणि तो चालू आहे की नाही हे दिसते. बाजारात उभ्याउभ्या होणारे काम आहे. नाव जुळले नाही तर खेळणे परत ठेवावे.

मग कडीचा जोड नखाने उघडतो का ते पाहावे. सेलच्या झाकणाला स्क्रू हवा, नुसत्या खटक्याने उघडणारे झाकण नको. कडीला तडा गेला तर चिकटपट्टी लावून वापरू नये. गोटी काढून ठेवावी आणि घरात लहान मूल असेल तर ती त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

चिन्हाविना खेळणी विकली जात असतील, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ‘बीआयएस केअर’मधून तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी किंवा ऑनलाइन तक्रार देता येते आणि तिची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना आहे. पालमच्या ग्राहकासाठी हे कार्यालय परभणीतच आहे. बिल मिळाले नसेल तर खेळण्याचा, खोक्याचा आणि दुकानाचा फोटो, तारीख आणि दिलेली किंमत एवढे जपून ठेवावे. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंदही पुरावा म्हणून जोडता येते.