सायकलपटूंवरचा डोपिंगचा संशय आणि आपल्या घरातली औषधे

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेदरम्यान, पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. अंतर सुमारे ४३७ किलोमीटर. व्यावसायिक सायकलिंग असे दाराशी आले की त्याच्याबरोबर त्याचा जुना वादही येतो: इतक्या वेगाने घाट चढणारा माणूस काही ‘घेत’ तर नसेल?

भांडगाव, यवत, केडगावच्या घरांना या वादाशी काय देणे-घेणे, असे वाटेल. पण ज्या औषधांवरून तो चालतो, त्यांतली बरीच आपल्याच गोळ्यांच्या डब्यात किंवा दवाखान्यात असतात. वाद अर्धवट समजला तर दोन नुकसाने होतात. ज्याला औषध हवे तो घाबरून बंद करतो आणि ज्याला नको तो मोहाने सुरू करतो.

संशय कुठून येतो?

जुलै २०२४ मध्ये ‘टूर द फ्रान्स’मध्ये तादेय पोगाचार प्लॅटो द बेय हा चढ चढला. त्याने मार्को पांतानीचा १९९८ चा वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. पांतानीचा काळ हा डोपिंगने बदनाम झालेला काळ. त्यामुळे चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, डोपिंगच्या काळातला विक्रम औषधाशिवाय मोडणे शक्य नाही. दुसरा म्हणतो, सायकली हलक्या झाल्या, हवेचा अडथळा कमी करणारे कपडे आले, शर्यतीत तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पचवण्याचे तंत्र आले, वेग वाढणारच. पोगाचार कोणत्याही चाचणीत दोषी ठरलेला नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. म्हणूनच हा वाद मिटत नाही. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर वेग हे ‘लक्षण’ आहे, ‘निदान’ नाही. ताप दिसला म्हणून टायफॉइड ठरत नाही. तसेच घाट वेगाने चढला म्हणून डोपिंग ठरत नाही.

चाचणी काय सांगते, काय सांगत नाही?

चाचणी निर्दोष आली म्हणजे खेळाडू निर्दोष, असेही नाही. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. तो वर्षानुवर्षे चाचण्यांतून सुटत राहिला. २०१२ मध्ये सहकाऱ्यांच्या साक्षींवर त्याची सातही पदे गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुली दिली.

चाचणी एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते: या नमुन्यात, या वेळी, हा पदार्थ सापडला का? ही उणीव भरून काढण्यासाठी सायकलिंगमध्ये २००८ पासून ‘जैविक पासपोर्ट’ आला. यात खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षे नोंदवतात आणि आजचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहतात. ‘येताना मागचे सगळे रिपोर्ट आणा’ असे तुमचे डॉक्टर सांगतात, त्यामागचा विचार हाच. एका आकड्यापेक्षा त्याचा प्रवास जास्त बोलतो.

असाच वाद आपल्याकडेही झाला

२०११ ते २०१३ असा सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी पात्र ठरला होता. स्पर्धेच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (नाडा) ते मानून १ ऑगस्टला त्याला मोकळे केले. जागतिक संस्थेने (वाडा) त्याविरुद्ध अपील केले आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. नमुन्यातले प्रमाण पाहता हे पेयात मिसळलेल्या पुडीपेक्षा गोळी घेतल्याशी जुळते, असे मत तज्ज्ञाने लवादापुढे मांडले होते.

कुस्तीप्रेमी तेव्हा ‘घातपात’ की ‘फसवणूक’ यावर भांडले. त्या भांडणात एक प्रश्न मागे पडला: हे औषध शरीरात गेल्यावर काय करते? घरात तरुण मुलगा असेल तर कुटुंबासाठी हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

तेच औषध, दोन शरीरे

*ईपीओ (एरिथ्रोपोएटिन).* रक्तातल्या तांबड्या पेशी तयार करायला सांगणारे हे संप्रेरक निरोगी मूत्रपिंड स्वतः बनवते. मूत्रपिंड निकामी झाले की ते कमी पडते आणि हिमोग्लोबिन उतरते. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला ‘रक्त वाढवायचे इंजेक्शन’ देतात. आर्मस्ट्राँगने वापरले ते हेच. रुग्णातही डॉक्टर हिमोग्लोबिन मुद्दाम १३ च्या वर नेत नाहीत, कारण तसे केल्यास पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. मग ज्याचे हिमोग्लोबिन आधीच १५ आहे त्याने हे घेतले तर? रक्त दाट होते, त्यात घामाने पाणी कमी झाले की आणखी दाट होते. डायलिसिसच्या रुग्णाने मात्र बातमी वाचून इंजेक्शन चुकवू नये.

*सालब्युटामॉलचा पंप.* २०१७ मध्ये ख्रिस फ्रूम या दम्याच्या रुग्ण असलेल्या सायकलपटूच्या लघवीत हे औषध मर्यादेच्या दुप्पट सापडले. जुलै २०१८ मध्ये प्रकरण कारवाईविना बंद झाले. ‘पंप म्हणजे उत्तेजक’ असा अर्थ यातून काढू नका. ठरावीक मर्यादेपर्यंत पंप खेळाडूंनाही चालतो. दम्याच्या मुलाचा पंप अशा भीतीने बंद करणे, हाच खरा धोका.

*स्टिरॉइड.* या एका शब्दात दोन वेगळी औषधे येतात. दमा, संधिवात, त्वचाविकार यांत दिले जाणारे प्रेडनिसोलोन सूज कमी करते. त्याने दंड फुगत नाहीत. दीर्घकाळ चालू असलेली ही गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. स्नायू वाढवणारी अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड वेगळी. निरोगी तरुणात त्यांनी वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, यकृत आणि हृदयावर ताण येतो, स्वभाव चिडका होतो.

*मेफेन्टरमाइन.* पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन वापरतात. जिममध्ये बेकायदा विकण्यासाठी आणलेला त्याचा साठा पुणे परिसरात पोलिसांनी अनेकदा पकडला आहे. ते थकवा ‘घालवत’ नाही, थकव्याची सूचना बंद पाडते. रक्तदाब आणि ठोके वाढतात, सवय लागते, काहींना भास होतात, हृदय कमजोर होऊ शकते.

धोका चाचणीपलीकडचा आहे

वाडाच्या २०२४ च्या आकडेवारीत भारतातल्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी निघाले, म्हणजे सुमारे ३.६ टक्के. हे फक्त तपासलेल्या खेळाडूंचे. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेची तयारी करणारा, गावच्या तालमीत घुमणारा किंवा जिमला जाणारा मुलगा या यादीत येतच नाही. व्यावसायिक सायकलपटूमागे निदान डॉक्टर आणि रक्ताच्या तपासण्या असतात. या मुलामागे कुणीच नसते. बाटलीत नेमके काय आहे, हेही त्याला ठाऊक नसते.

घरच्यांनी काय पाहावे?

- काही आठवड्यांत वजन आणि दंड झपाट्याने वाढणे, पाठीवर-खांद्यावर अचानक मुरूम, छातीत गाठ.
- झोप उडणे, हात थरथरणे, चिडचिड, संशयी बोलणे.
- सुया, लेबल नसलेल्या बाटल्या, प्रशिक्षकाने दिलेली ‘पावडर’.
- छातीत दुखणे, धाप, चक्कर, एका पायाला सूज: वाट न पाहता रुग्णालयात जा आणि काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ही माहिती उपचारासाठी लागते, तक्रारीसाठी नाही.

मुलगा किंवा मुलगी स्पर्धेत उतरत असेल तर कोणतेही औषध घेताना डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ असे सांगायला लावा. खोकल्याच्या साध्या औषधातही बंदी असलेला घटक असू शकतो. आजारासाठी असे औषध खरोखर लागत असेल तर ‘उपचारासाठी सवलत’ मिळवण्याची अधिकृत सोय आहे. अर्ज शक्यतो आधीच करायचा असतो. औषध बंदीच्या यादीत आहे का, हे नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अ‍ॅपवर पाहता येते.

पोगाचार स्वच्छ आहे की नाही, हे टीव्हीसमोर बसून ठरणार नाही. ते काम प्रयोगशाळा आणि लवादाचे आहे. आपल्या घरात कोणते औषध, कुणासाठी, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली चालू आहे, हे मात्र आज संध्याकाळीच डबा उघडून पाहता येईल.