पागेतले गुरुकुल

‘सयाजीराव’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे सयाजीबाग, ग्रंथालये आणि १९०६ साली राज्यभर लागू झालेले सक्तीचे मोफत शिक्षण उभे राहते. १९४७ साली इंग्लंडमधील शर्यतींच्या शौकिनांपुढे मात्र या नावाने एक घोडा उभा राहत असे!

प्रतापसिंह महाराजांनी १९४५ मध्ये वर्षभराच्या एका शिंगराला २८,००० गिनी मोजल्या. त्या काळचा तो उच्चांक. शिंगराला नाव दिले ते आजोबांचे. जुन्या बडोदेकरांना हे रुचले असेल, असे मला वाटत नाही. अर्थात याच महाराजांच्या कारकीर्दीत, १९४९ साली, आपल्या विद्यापीठालाही तेच नाव लाभले, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

घोड्यावर बसे तो एडगर ब्रिट. हा ऑस्ट्रेलियन जॉकी १९३०च्या दशकात हिंदुस्थानात आला आणि १९४३ साली मुंबईतील पहिली इंडियन डर्बी त्याने बडोद्याच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीवर जिंकली. पुढे महाराजांसाठी तो इंग्लंडात गेला. १९४७च्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. पण आयरिश डर्बी त्याने मारली आणि सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर केवळ डोक्याच्या अंतराने जिंकली. निवृत्तीनंतर ब्रिट मायदेशी वृत्तपत्रांतून शर्यतींवर लिहू लागला. २०१७ साली १०३व्या वर्षी तो निवर्तला.

परंतु माझे मन रेंगाळते ते न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस येथील पागेत. तेथे महाराजांचे घोडे तयार करणारे सॅम आर्मस्ट्राँग घोड्यांइतकीच मुलेही घडवीत. पहाटे उठून ठाण झाडायचे, खरारा करायचा, घोडे फिरवून आणायचे आणि त्यातूनच लगामावरचा हात तयार व्हायचा. शर्यतीत अशा नवशिक्या स्वाराला वजनात काही पौंडांची सूट मिळते. विजय वाढतील तशी ती घटत जाते. सूट सरली की पोराचे खरे पाणी कळते. कित्येकांची धाव तेथेच संपते. आर्मस्ट्राँग यांचा विली स्नेथ १९४९ साली इंग्लंडातील शिकाऊ जॉकींत अव्वल ठरला.

१९५१ साली महाराज पदच्युत झाले. वॉरन प्लेसही दुसऱ्यांच्या हाती गेले. सयाजीराव घोडा आयर्लंडात पैदाशीसाठी राहिला. त्याची कन्या ‘ग्लॅडनेस’ हिने १९५८ साली ॲस्कॉटचा गोल्ड कप पटकावला. किल्डेअर परगण्यातील एका अश्वपैदास केंद्राला आजही ‘बडोदा’ हेच नाव आहे.

आणि त्याच आयर्लंडात १९७७ साली एकाच हंगामात शंभर शर्यती जिंकणारा पहिला जॉकी ठरला तो वॉली स्विनबर्न, आर्मस्ट्राँग यांच्या पागेत शिकलेला आणखी एक पोरगा.