उद्घाटन झालं, आता नोंदवही काढा

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कलादालनात सप्टेंबर २०२१ मध्ये एक प्रदर्शन उघडलं. तिथे शिकून गेलेल्या स्त्री-कलावंतांचं दीडशे वर्षांचं काम, आणि तेही सगळं दालनाच्या स्वतःच्या संग्रहातलं. नाव दिलं होतं ‘कलेच्या आधारावर’. शिक्षणात ‘लिंगाच्या आधारावर’ भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या कायद्यातल्या शब्दांची ही आठवण. जानेवारी २०२२ मध्ये प्रदर्शन उतरलं.

अशा प्रदर्शनाला नाक मुरडायचं कारण नाही. पण ‘सगळं आमच्याच संग्रहातलं’ हे वाक्य कौतुकाचं म्हणून सांगितलं जातं, ते मैत्रिणींनो, जरा कबुलीजबाबासारखं वाचून पाहा. चित्रं घरातच होती. मग ती एकत्र बघायला कुठल्या तरी वर्धापनदिनाचं निमित्त का लागतं?

येलच्या कलाशाळेने १८६९ साली, उघडली तेव्हापासूनच, मुलींना घेतलं. देणगीदाराचीच तशी इच्छा होती. मुख्य पदवी कॉलेजचं दार मात्र १९६९ मध्ये उघडलं. मध्ये गेली शंभर वर्षं! चित्र काढणं बाईला शोभतं, भरतकामासारखं. पुढारी घडवायचे ते पुरुषांतून. कलाशाळेतही जोसेफिन माइल्स लुईस या पहिल्या बाईच्या हाती पदवी पडायला १८९१ उजाडलं. म्हणजे ‘आम्ही पहिल्या दिवसापासून बायकांना घेतलं’ हा अभिमान अर्धाच खरा.

याच विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर १९९३ पासून एक दगडी टेबल आहे. माया लिन या तिथल्याच विद्यार्थिनीने घडवलेलं. त्यावरून पाणी वाहतं आणि पाण्याखाली आकडे कोरलेत: कोणत्या वर्षी किती बायका शिकत होत्या. सुरुवातीला नुसती शून्यं, शून्यांची रांगच. भाषण नाही, फीत कापणं नाही. तिने फक्त मोजलं आणि दगडात कोरलं.

हॉवर्डिना पिंडेलही इथलीच, १९६७ ची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिने बारा वर्षं नोकरी केली. नंतर तिने शहरातली संग्रहालयं आणि दालनं एकेक करून तपासली: कृष्णवर्णीय आणि इतर गोऱ्या नसलेल्या कलावंतांना तिथे किती जागा मिळते? १९८७ मध्ये ते आकडे तिने मांडले. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना आकडे भारी अडचणीचे वाटतात.

दालनाची खरी नियत उद्घाटनाच्या दिवशी कळत नाही, ती दाखल-नोंदवहीत असते. या वर्षी किती कामं विकत घेतली? त्यांत बायकांची किती? विकत किती आणि फुकट देणगी म्हणून किती? कायमच्या भिंतीवर किती आणि कोठीत किती? (बाईचं काम देणगीत यावं असं सगळ्यांनाच वाटतं, घरातल्या कामासारखं.)

आपल्याकडेही ८ मार्च जवळ आला की विद्यापीठांकडून संघटनांना बोलावणी येतात. पोस्टर्स द्या, बोलायला या, समई लावा. जरूर जा. पण जाण्याआधी हे चार प्रश्न लेखी पाठवा, आणि उत्तर आलं तर ते प्रदर्शनाच्या दारातच लावा. सरकारी विद्यापीठांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. अर्जाची फी दहा रुपये.