परीक्षा मुलाची कीं घराची?

आंब्याला मोहोर धरला कीं आमच्या विजयदुर्गाकडे घरोघर दोन काळज्या एकदम उभ्या राहतात. एक बागेची व दुसरी मुलांच्या परीक्षेची. फवारणी, वांदरांपासून राखण, पुढें काढणी. आणि नेमकी याच फेब्रुवारी-मार्चांत दहावीची परीक्षा! दिवसभर मुलाला बागेंत राबवावें, मुलीला पाणी, चूल व धाकट्या भावंडाला जुंपावें आणि रात्रीं म्हणावें, "आतां वाच!" तें थकलेलें पोर पुस्तकावरच डोकें टेकतें. यांत दोष कोणाचा, हें बांधवांनीं स्वतःच ठरवावें.

२०२५ च्या दहावीच्या निकालांत कोंकण विभाग ९८.८२ टक्क्यांनीं राज्यांत पहिला आला. सबंध राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु जेमतेम पस्तीस गुण मिळविणाराही याच आंकड्यांत मोजला जातो. तंत्रनिकेतनाच्या दारांत मात्र गुणांची यादी लागते. तेथें पस्तीसवाल्यास कोण विचारतो?

एकच धडा दहादां वाचणें म्हणजे अभ्यास नव्हे. वाचतांना सारें ओळखीचें वाटतें, म्हणून आपणांस येतें असा भ्रम होतो. २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं हें तपासून पाहिलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुन्हापुन्हा वाचणारे पुढें होते. आठवड्यानें विचारलें तेव्हां न पाहतां आठवून लिहिणारे पुढें गेले. परीक्षा पांच मिनिटांनीं येत नसते!

म्हणून धडा समजून एकदां वाचावा, पुस्तक मिटावें, आठवेल तें वहींत लिहावें, मग पुस्तक उघडून चुका पाहाव्या. दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हा तसेंच करावें. रापणकार फाटलेलें जाळें सबंध नव्यानें विणीत नाहीं. भोंक असेल तेथेंच गांठ मारतो. विद्यार्थ्यानेंही जें विसरलें तेथेंच श्रम करावे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्या. गणिताचा ४० गुणांचा पेपर दोन तासांत संपला पाहिजे.

आईबापांना अक्षर येत नसलें तरी अडत नाहीं. जेवतांना "आज काय शिकलास, तें मला समजेल असें सांग," इतकें विचारावें. जें आईला समजावून सांगतां येत नाहीं, तें मुलालाच नीट समजलेलें नाहीं.

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर आयोगापुढें, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. आज शाळा दारांत आहे. आतां सरकारकडे नव्हे, आपल्याच घराकडे एक मागणी आहे. परीक्षेपूर्वींचे दोन महिने वाडीनें राखणीच्या पाळ्या मोठ्या माणसांत वांटून घ्याव्या व मुलामुलींना रोज दोन तास मोकळे द्यावे. एवढें आपणांकडून झालें नाहीं, तर निकालाच्या दिवशीं मुलावर डोळे वटारण्याचा आपणांस अधिकार नाहीं.