आने दो!

आमच्या घरात भाषेचा कारभार कसा चालतो, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मी कॉलेजात मराठी शिकवणारा, सौ. धारवाडची आणि मुलं मधल्या मधे. 'आई, बागला लाव ना, थंडी आत येतेय,' हे चौथीतल्या धाकटीचं वाक्य. तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

आठवीतल्या थोरल्याला मात्र वाटतं. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत, भाषणाच्या ऐन भरात, त्याच्या तोंडून 'हौदु' निघून गेला आणि सगळा हॉल हसला. तेव्हापासून कन्नड एकदम बंद. रविवारी धारवाडहून अज्जीचा फोन आला की हा गॅलरीत. मीही त्यात भर घातलीच. मास्तरकीची खोड! मुलांची वाक्यं ताटावरच तपासायची. अज्जी बिचारी 'अवगा अभ्यास भाळ ऐतेनु?' एवढं विचारून फोन ठेवायची.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ताईकडे बऱ्हाणपूरला गेलो. तापीकाठचं जुनं गाव, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं, पण मध्य प्रदेशातलं. पहिल्याच सकाळी धाकटी गच्चीवरून ओरडली, "अप्पा, हत्ती! ट्रक भरून हत्ती!"

ताईची दोन्ही मुलं ब्रश तोंडात तसाच ठेवून वर धावली. खाली कापसाचा ट्रक उभा. भाचा गोंधळून म्हणाला, "मामा, इसमें हत्ती कुठे आहे?" (त्याचं मराठीही असं आमच्याच जातकुळीचं.) कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस, हे मी समजावतोय तोवर ट्रक गल्लीत मागे घ्यायला सुरुवात झाली आणि क्लीनर हात हलवत ओरडू लागला, "आने दो, आने दो!"

"बघा!" धाकटी म्हणाली. "तो पण म्हणतोय. दोन आहेत."

"अगं, तो 'येऊ द्या' म्हणतोय," थोरला म्हणाला. पण तोंड फिरवून हसला, ते मी पाहिलं.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, तेव्हा धाकटीने तक्रार केली, "आमच्या कन्नडच्या टीचर रोज 'केळी, केळी' म्हणतात. अजून एकदाही दिली नाहीत." शाही किल्ल्यात दाजींनी सांगितलं, की मुमताजमहल १६३१ साली याच गावात, चौदाव्या बाळंतपणात गेली. मोठी माणसं गप्प झाली. धाकटीने बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "मग बाकीच्या तेरा जणांचं कोण बघत होतं?" दोन मुलांचे डबे भरताना रोज सकाळी रडकुंडीला येणाऱ्या सौ.नं यावर मान डोलावली.

मग एका दुपारी बायका-मुलं माव्याच्या जिलबीच्या दुकानाकडे वळली आणि मी, दाजी व थोरला जामा मशिदीत गेलो. फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाने ती बांधवली. आत एके ठिकाणी अरबी लेखाबरोबर नागरी अक्षरांत संस्कृत लेख कोरलाय. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे, विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी सालंही आहेत. म्हणजे सुमारे १५९०. पुढे अकबराने हे राज्य घेतलं, तेव्हा त्याने आपला लेख फारसीत खोदवला. तोही याच मशिदीत.

थोरला मान वर करून बराच वेळ अक्षरं लावत बसला. 'शके' एवढं त्याला लागलं. मग म्हणाला, "अप्पा, एकाच राजाने दोन्हींत लिहिलं?"

"हो."

"आणि कुणी हसलं नाही?"

मला पटकन काही सुचेना. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. वर्षभर हे पोराच्या मनात होतं आणि मी त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत होतो.

संध्याकाळी रविवारचा फोन आला. सौ. बोलत होती. थोरल्याने तिच्या हातातून तो काढूनच घेतला. पलीकडून अज्जीचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "ऊटा आतेनो?"

"आत, अज्जी," म्हणत त्याने ट्रकची गोष्ट सुरू केली. कन्नड गंजलेलं. दर दोन शब्दांमागे एक मराठी, मधेच ताईच्या मुलांकडून उचललेलं 'मतलब'. एका क्रियापदाशी तर तो असा काही अडखळला, की माझं तोंड आपोआप उघडलं. सौ.नं डोळे वटारले. मी त्यात जिलबी कोंबली.

फोन स्पीकरवर होता. अज्जीला हिंदीचं अक्षर येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, थोडी थांबली आणि शंका विचारली, "एष्टु आने?"

"एरडु, अज्जी!" दोन्ही पोरं एकदम ओरडली.