शर्यतीच्या बैलास काय पाजावे?

बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली वैध ठरविला. घाटावर बैलांना क्षार-साखरेच्या पुड्या पाजल्या जातात. माझ्या मते त्या बहुधा अनावश्यक होत. धावून आलेल्या बैलास प्रथम सावली व स्वच्छ पाणी हवे, आणि ते त्याने आपणहून प्यावे. धापा टाकणाऱ्या जनावराची मान उंचावून बाटलीने पाजल्यास द्रव श्वासनलिकेत उतरून फुप्फुसदाह होतो. त्यात उमदा बैल दगावतो. शिवाय पुडीतील साखर बहुतांशी कोठीपोटातील जंतूच फस्त करतात! मिठासाठी गोठ्यात चाटणवीट टांगावी. घटक न छापलेली पुडी, विकणारा कितीही ओळखीचा असो, घेऊ नये. बैल पाण्यास तोंडच लावीत नसेल, तर तत्काळ पशुवैद्यास बोलवावे.